जॉन बॉइड डनलप: जनावरांच्या डॉक्टरचा टायर आणि आपल्या गाडीसाठी एटी टायरची निवड

इन्स्टाग्रामवर थार किंवा जिम्नीची कुठलीही रील उघडा. चिखल उडवणारे, मोठ्या खाचांचे, दणकट टायर दिसणारच. चार-पाच रील बघून झाल्या की आपल्याही गाडीला असे ऑल-टेरेन, म्हणजे एटी टायर टाकावेत असं वाटायला लागतं. गाडी रोज ऑफिस, कॉलेज, बाजार करते आणि महिन्यातून एखाद्या वेळी कच्च्या रस्त्यावर जाते. अशा गाडीला एटी टायर घ्यावेत का? घेतले तर कोणते?

याचं उत्तर शोधताना एका माणसाची गोष्ट फार उपयोगी पडते. त्यांचं आडनाव तुम्ही टायरवर, जुन्या दुकानांच्या पाट्यांवर पाहिलं असेल. घरातल्या मोठ्यांना विचारलं तर ते डनलपच्या गादीची आठवण सांगतील. हे डनलप म्हणजे जॉन बॉइड डनलप. ते इंजिनिअर नव्हते आणि टायर बनवला तेव्हा त्यांच्याकडे मोटारही नव्हती. पेशाने ते जनावरांचे डॉक्टर होते. पण त्यांच्यासमोरचा प्रश्न आपल्यासारखाच होता: ज्या रस्त्यावर रोज चालायचं आहे, त्यासाठी कसलं चाक हवं?

शेतकऱ्याचा मुलगा

डनलप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी शेतकरी कुटुंबात झाला. एडिनबरोला पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन ते १९ व्या वर्षीच डॉक्टर झाले. काही वर्षं स्कॉटलंडमध्ये काम केल्यावर १८६० च्या दशकाच्या शेवटी ते आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिकला भावाबरोबर दवाखाना चालवला, मग बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर स्वतःचा जम बसवला. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक झाला होता.

तेव्हा घोडा हेच शहराचं इंजिन होतं. घोडागाड्या, मालाच्या गाड्या, घोड्यांच्या ट्राम सगळं त्याच्यावर चालायचं. त्यामुळे रस्ता खराब असेल तर जनावराचे काय हाल होतात, हे डनलप रोज बघत होते. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे होते आणि त्यावरून जाणारी चाकं होती लाकडाची, वर लोखंडी धाव बसवलेली.

धाव म्हणजे काय ते आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या बैलबंडीकडे बघितलं की कळतं. लाकडी चाकाभोवती लोखंडाची पट्टी तापवून चढवतात. थंड झाली की ती आवळते आणि चाक घट्ट धरून ठेवते. ती मजबूत असते, झिजत नाही, पण दबतही नाही. समोर दगड आला की अख्खं चाक दगडावर चढतं आणि धाडकन खाली येतं. प्रत्येक वेळी गाडीचं वजन उचलावं लागतं आणि त्याची ताकद बैलाच्या किंवा घोड्याच्या अंगातून जाते. सायकलवर ती आपल्या पायातून जाते. डनलप यांच्या काळात सायकलींना भरीव रबराची पट्टी असायची. ती लोखंडापेक्षा बरी होती, पण हादरे बसायचेच.

१८८७: अंगणातला प्रयोग

डनलप यांचा मुलगा जॉनी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती आणि बेलफास्टच्या दगडी रस्त्यावर ती चालवताना त्याचं अंग खिळखिळं व्हायचं. ऑक्टोबर १८८७ मध्ये वडिलांनी त्यावर उपाय शोधायला घेतला.

त्यांनी सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची नळी केली आणि ती तबकडीच्या कडेला बसवली. वरून लिननचं कापड गुंडाळून खिळ्यांनी पक्कं केलं. फुटबॉलमध्ये हवा भरायच्या पंपाने नळीत हवा भरली. झालं चाक तयार.

यापुढे त्यांनी जे केलं ते आजच्या टायर घेणाऱ्यानेही शिकण्यासारखं आहे. नवं चाक चांगलं आहे असं त्यांनी नुसतं मानून घेतलं नाही. सायकलचं जुनं चाक काढलं आणि अंगणातून ढकलून दिलं. मग हवेचं चाक तसंच ढकललं. जुनं चाक मध्येच थांबलं आणि आडवं झालं. हवेचं चाक पूर्ण अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळलं आणि उसळून मागे आलं. दोन चाकं, तीच जमीन, एकच कसोटी. आपण सॉफ्टवेअरवाले याला ए-बी टेस्ट म्हणतो.

हवेचं चाक पुढे का गेलं? दगड आला की हवेने भरलेली नळी तेवढ्याच जागी आत दबते आणि दगड गिळून टाकते. अख्ख्या गाडीला वर चढावं लागत नाही, म्हणून ताकद वाचते. डनलप आराम शोधायला निघाले होते आणि वेगही सापडला.

त्यांनी तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना असे टायर बसवून दिले. मग मोठ्या सायकलवर प्रयोग केले आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं.

शर्यतीतला धुरळा

नवीन गोष्ट आली की लोक आधी हसतात. फुगलेले, जाडे टायर लावलेली सायकल बघूनही लोक हसले. बेलफास्टमधल्या एका सायकल क्लबचा कप्तान विली ह्यूम याने मात्र अशी सायकल विकत घेतली. डनलप यांच्या सांगण्यावरून तो ती शर्यतीत घेऊन उतरला. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो सायकलच्या चारही शर्यती जिंकला. त्यानंतर लिव्हरपूलमध्येही एक सोडून बाकी सगळ्या जिंकला.

त्या शर्यतींत हरलेल्यांमध्ये हार्वी डू क्रॉस नावाच्या डब्लिनच्या उद्योजकाची मुलं होती. या माणसाला धंदा लगेच दिसला. १८८९ मध्येच डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलप यांनी आपलं पेटंट कंपनीला देऊन शेअर घेतले. इथून गोष्ट सरळ श्रीमंतीकडे जाईल असं वाटतं. पण तसं झालं नाही.

पेटंट गेलं

पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, डनलप यांना कळवण्यात आलं की त्यांचं पेटंट टिकणार नाही. कारण हीच कल्पना ४० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने नोंदवून ठेवली होती.

त्याचं नाव रॉबर्ट विल्यम थॉमसन. त्याने १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये, १८४६ मध्ये फ्रान्समध्ये आणि १८४७ मध्ये अमेरिकेत हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला असे टायर लावून दाखवलेही होते. एका संचावर सुमारे १,२०० मैल अंतर कापलं गेलं. तरी कल्पना मेली. कारण तेव्हा सायकलींची लाट आलेली नव्हती, मोटार नव्हती आणि पातळ, चांगलं रबर महाग होतं. उत्तर तयार होतं, पण तो प्रश्न अजून कोणाला पडलेला नव्हता.

थॉमसनची पुढची गोष्ट तर थेट ऑफ-रोडिंगची आहे. त्याने काही वर्षं जावा बेटावर साखरेच्या धंद्यात काम केलं. तिथून परत आल्यावर, १८६७ मध्ये, त्याने रस्त्यावर चालणारं वाफेचं इंजिन बनवलं. त्याच्या जड लोखंडी चाकांना त्याने भरीव रबराचे जाड टायर बसवले. म्हणजे हवेचा टायर शोधणाऱ्यानेच जड आणि हळू चालणाऱ्या यंत्रासाठी हवा टाळली. त्या काळात एवढं वजन पेलणारा हवेचा टायर करणं शक्य नव्हतं. रबर पसरायचं, जमिनीला धरायचं, आणि इंजिन मऊ जमिनीतही रुतायचं नाही. अशी काही इंजिनं १८७० च्या दशकात हिंदुस्थानातही आली आणि पंजाबात चालली.

थॉमसन १८७३ मध्ये वारला. डनलप यांनी टायर बनवला तेव्हा त्यांना थॉमसनचं काम माहीत नव्हतं. पेटंटच्या कायद्याला मात्र आधी कोण एवढंच कळतं.

टायर निघालाही पाहिजे

पेटंट गेल्यावर कंपनी बुडायला हवी होती. ती वाचली, कारण डू क्रॉस यांनी टायरभोवतीचे इतर शोध विकत घेतले. डनलप यांचा पहिला टायर चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सगळं सोलून काढावं लागायचं. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च याने टायरच्या कडेत तार घातली आणि खोलगट रिम बनवली. त्यामुळे टायर रिममध्ये बसायला आणि निघायला लागला. त्याच वर्षी बार्टलेट नावाच्या माणसाने टायर पकडून ठेवणाऱ्या वेगळ्या रिमचं पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी काढता येणारा सायकल टायर आणला. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत त्यांनी मोटारही हवेच्या टायरवर पळवली.

आपल्याकडच्या साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये छोटी रबरी नळी असते. सायकल दुकानात आपण व्हॉल्व्ह ट्यूब मागतो ती. तो व्हॉल्व्ह वुड्स नावाच्या माणसाचा, पण जगभर त्याला डनलप व्हॉल्व्ह म्हणतात. ज्याच्या नावाची कंपनी, त्याच्या नावावर सगळं जमा होतं.

या भागातून आपण घ्यायची गोष्ट अशी: रस्त्यावर कामाला येतो तो दुरुस्त होणारा टायर. घेतलेल्या मापाचा टायर आपल्या तालुक्याच्या गावी मिळतो का, पंक्चरवाल्याकडे तो काढायचं मशीन आहे का, गाडीतली स्टेपनी त्याच मापाची आहे का, हे प्रश्न ट्रेडच्या डिझाइनइतकेच महत्त्वाचे आहेत.

कंपनी मोठी झाली, डनलप बाजूला राहिले

डनलप १८९० च्या दशकातच कंपनीतून बाहेर पडले. १८९६ मध्ये कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली आणि विकत घेणाऱ्याने ती ५० लाख पौंडांना पुन्हा बाजारात आणली. ज्यांच्या नावावर हा सगळा व्यवहार झाला त्यांच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. पुढे डनलप डब्लिनमध्ये राहिले, तिथे कापडाच्या धंद्यात रमले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. तोपर्यंत पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं आणि हवेच्या टायरवर मोटारी, ट्रक आणि विमानंही धावत होती.

हिंदुस्थानात डनलप कंपनीने १९३६ मध्ये बंगालच्या साहागंजला टायरचा कारखाना सुरू केला. उत्तर भारतात बऱ्याच ठिकाणी टायर लावलेल्या बैलगाडीलाच डनलप म्हणतात. आपल्याकडे ऊसपट्ट्यात तिला टायरगाडी म्हणतात. घोड्यांच्या डॉक्टरचा शोध शेवटी बैलाच्या खांद्यावरचा भार हलका करायलाही उपयोगी पडला. आज डनलप हा ब्रँड वेगवेगळ्या कंपन्यांच्या हातातून गेला आहे, आणि त्याच नावाने एटी टायरही विकले जातात.

एचटी, एटी, एमटी म्हणजे काय?

आता आपल्या गाडीकडे येऊ. एसयूव्हीच्या टायरचे ढोबळ तीन प्रकार असतात.

एचटी, म्हणजे हायवे टेरेन. खाचा बारीक, रबर जमिनीला जास्त टेकतं. आवाज कमी, डांबरावर पकड चांगली, मायलेज चांगलं. शोरूममधून येणाऱ्या बहुतेक एसयूव्हींना हेच असतात.

एटी, म्हणजे ऑल-टेरेन. खाचा रुंद आणि खोल, रबराचे ठोकळे मोठे, साईडवॉल सहसा जाड. मुरूम, गिट्टी, खडकाळ पायवाट, ओलं गवत यावर पकड चांगली. कापलं जाण्याची भीती कमी.

एमटी, म्हणजे मड टेरेन. खाचा सगळ्यात मोठ्या, म्हणजे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. डांबरावर मात्र घरघर आवाज, जास्त इंधन, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना जास्त सावधपणा लागतो.

इथे फुकट काहीच मिळत नाही. खाच मोठी केली की चिखलाला जागा मिळते, पण डांबराला टेकणारं रबर तेवढंच कमी होतं. ठोकळे मोठे असले की ते वळणावर थोडे हलतात, आवाज करतात. टायर जड झाला की पिकअप आणि मायलेज थोडं कमी होतं. एटी टायर म्हणजे या दोन टोकांमधली तडजोड. आणि सगळे एटी सारखे नसतात. काही एचटीकडे झुकलेले असतात, काही एमटीकडे.

मुर्रीच्या रस्त्यावर हिशोब

आपलं उदाहरण घेऊ. मुर्री गोंदिया शहराला लागूनच आहे. इथल्या माणसाची गाडी रोज कुठे जाते? शहरात कामाला, मुलांना शाळेत सोडायला, धान घेऊन राइस मिलकडे. कधी गोरेगाव-कोहमारामार्गे राष्ट्रीय महामार्ग ५३ धरून नागपूर किंवा रायपूरकडे. पावसाळ्यात शेतावर जायला पांदण रस्ता. सुट्टीत नवेगावबांध, किंवा सालेकसाकडे हाजरा फॉल.

आता डनलप यांच्यासारखा प्रयोग करा. महिनाभर फोनच्या नोट्समध्ये रोज एक ओळ लिहा: आज किती किलोमीटर डांबर, किती मुरूम, किती चिखल. महिन्याच्या शेवटी बेरीज करा. वर्षातून २० दिवस कच्चा रस्ता असेल तर ते ३६५ पैकी साधारण साडेपाच टक्के होतात. उरलेले साडेचौऱ्याण्णव टक्के दिवस तुम्ही डांबरावर, बऱ्याचदा ओल्या डांबरावर, ब्रेक मारणार आहात. समोर अचानक गाय किंवा बाईक आली की गाडी किती अंतरात थांबते, यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. टायरची खरी किंमत तिथे कळते.

ढोबळ निवड अशी करता येईल:

- महिन्यातून एक-दोनदाच कच्चा रस्ता, तोही कोरडा: चांगले एचटी पुरे. त्यांची खाच झिजलेली नको, एवढं बघा.
- आठवड्यातून काही वेळा मुरूम, गिट्टी, शेताची वाट: एचटीकडे झुकलेले सौम्य एटी घ्या.
- साईटवर, खाणीत किंवा डोंगराळ खडकाळ वाटेवर रोजचं काम: दणकट साईडवॉलचे एटी.
- एमटी: गाडी मुख्यतः चिखलासाठीच ठेवली असेल तरच.

एक गैरसमज दूर करायला हवा. एटी लावले म्हणजे गाडी धानाच्या बांधीतून जाईल असं नाही. कन्हारसारखी काळी चिकट माती भिजली की एटीच्या खाचा दोन-तीन फेऱ्यांत भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. रोवणीच्या आधी चिखलणीला ट्रॅक्टरवाले काय करतात ते आठवा. ते लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात, म्हणजे केज व्हील. ट्रॅक्टरचा एवढा मोठा टायर जिथे पुरत नाही, तिथे एसयूव्हीचा एटी पुरणार नाही. तसंच एटी लावल्याने टू-व्हील ड्राइव्ह गाडी फोर-बाय-फोर होत नाही. आणि अभयारण्यात ठरलेली वाट सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे, टायर कोणतेही असोत.

साईडवॉलवरचे आकडे वाचा

टायरच्या बाजूवर त्याचं आधार कार्ड छापलेलं असतं. जिम्नीचं कंपनीचं माप घेऊ: १९५/८० आर १५.

१९५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. पूर्ण चाकाची उंची झाली ३८१ अधिक दोनदा १५६, म्हणजे ६९३ मिलिमीटर.

आता कोणी २१५/७५ आर १५ सुचवला तर उंची साधारण ७०३ होते. फरक दीड टक्का, चालण्यासारखा. पण २३५/७५ आर १५ घेतला तर उंची ७३३ च्या वर जाते, म्हणजे जवळजवळ सहा टक्के जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ च्या पुढे पळत असेल. टायर मडगार्डला घासू शकतो, इंजिनवर ताण येतो. कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापातच राहिलात तर आरटीओ आणि विम्याच्या वेळी कटकट होत नाही.

त्याच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ १०४ टी. १०४ म्हणजे एक टायर ९०० किलो पेलतो. ९६ असेल तर ७१०, १०० असेल तर ८००. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. एस १८०, एच २१०. कंपनीच्या मूळ टायरपेक्षा वजनाचा आकडा कमी असलेला टायर घेऊ नका.

अजून दोन गोष्टी बघा. चार आकड्यांची तारीख: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात खूप दिवस पडलेला टायर नको. आणि खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. ट्रेड झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे १.६ मिलिमीटर उरला, की टायर बदलायचाच.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच डिझाइनचे घ्या. फोर-बाय-फोर गाडीत पुढचे-मागचे टायर वेगळ्या उंचीचे असले तर आतल्या गिअरवर ताण येतो.

शेवटी सगळं हवेवर

डनलप यांच्या चाकात नवं काय होतं? रबर आधीही होतं, कापड आधीही होतं. नवी होती ती हवा. आणि आजही टायरमध्ये पैसे न खर्चता बदलता येणारी हीच एक गोष्ट आहे.

थोडा हिशोब करू. गाडी १,६०० किलोची, म्हणजे एका चाकावर साधारण ४०० किलो. ३२ पीएसआय हवा म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सव्वादोन किलो. म्हणजे टायर जमिनीला अंदाजे १७८ चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा २० पीएसआय केली तर हाच भाग २८४ च्या आसपास जातो. साईडवॉलच्या ताठरपणामुळे खऱ्या टायरमध्ये फरक थोडा कमी असतो, पण दिशा हीच. पाय पसरून उभं राहिलं की माणूस कमी रुततो, तसं.

म्हणून नदीच्या वाळूत किंवा मऊ मातीत अडकायच्या आधी हवा कमी करतात. बऱ्याच वेळा एचटी टायर आणि कमी हवा हे एटी टायर आणि भरपूर हवा यापेक्षा जास्त काम करतात. पण दोन अटी आहेत. हवा कमी असताना गाडी हळू चालवायची आणि झटक्यात वळवायची नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबरावर येण्याआधी हवा परत भरायची, नाहीतर टायर तापून फुटू शकतो. गाडीत १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि प्रेशर गेज ठेवा. एटी टायर घेण्याआधी हे घ्या.

आपल्याकडच्या हवामानाचाही हिशोब ठेवा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. गोंदियाची डिसेंबरची पहाट आणि मे महिन्याची दुपार यात ३० अंशांच्या वर फरक पडतो, म्हणजे पाच पीएसआय इकडचे तिकडे. दाब नेहमी सकाळी, टायर थंड असताना तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने दिलेला आकडा असतो, तोच धरा. नव्या गाड्यांत टीपीएमएस असतं. जुन्या गाडीला व्हॉल्व्हवर बसणारे ब्लूटूथ सेन्सर मिळतात आणि चारही चाकांची हवा फोनवर दिसते.

दुकानात जाण्याआधी

१. महिनाभराची रस्त्यांची नोंद केली का?
२. सध्याच्या टायरचं माप, वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर यांचा फोटो काढला का?
३. हवा योग्य ठेवून त्याच कच्च्या रस्त्यावर जुने टायर एकदा चालवून बघितले का?
४. नवीन टायर जवळच्या गावात मिळतो आणि दुरुस्त होतो का?
५. कोणा ओळखीच्याच्या गाडीला तेच टायर असतील तर ओल्या डांबरावर, रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगात ब्रेक मारून बघितला का? आवाज ऐकला का?

डनलप यांनी जगासाठी टायर बनवला नव्हता. एका मुलाच्या एका सायकलीसाठी, घरासमोरच्या एका रस्त्यासाठी बनवला होता, आणि आधी अंगणात दोन चाकं ढकलून बघितली होती. आपल्याकडे तर गुगल मॅप आहे, प्रेशर गेज आहे, गोंदियाच्या बाजारात निवडायला चार ब्रँड आहेत. पाचही उत्तरं लिहून झाली की मगच दुकानात जा. सौम्य एटी घ्यायचे की आहेत तेच एचटी पुढचं वर्षभर चालवायचे, हे तोपर्यंत तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल.